पाच वाजताचा खळगा

थकवा या विषयावर अख्ख्या तंजावुरात, आणि माझ्या मते अख्ख्या भारतात, मौशीइतकं जाणणारं माणूस नव्हतं. आणि मौशीइतकं न थकणारं माणूसही नव्हतं. निदान अडीच वर्षं मी तिच्या घराच्या माडीवर भाड्याने राहिले तेव्हा माझा तसा ठाम समज होता. मौशी माझी सख्खी मावशी नव्हे. ती माझ्या घरमालकिणीची धाकटी बहीण. घरमालकिणीला सगळी गल्ली अक्का म्हणायची म्हणून मीही अक्का म्हणू लागले, आणि धाकटीला पहिल्या दिवशी "अहो बाई" अशी हाक मारली तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई कोण गे? मौशी म्हण. आणि मौशीस कोणी तुम्ही म्हणतं कां?" तेव्हा ती पन्नाशी ओलांडून गेलेली होती. अंगाने काटकुळी, चालीने भरधाव. कॉलेजात गृहविज्ञान शिकवायची नोकरी सोडून ती पाच-सहा वर्षं पीएचडी करत होती. विषय असा की माणसांना रोजच्या जगण्यात थकवा कसा जाणवतो. इंग्रजीत त्याचं शीर्षक तीन ओळींचं होतं. मौशी ते एका श्वासात म्हणून दाखवायची आणि दम ऐकणाऱ्याला लागायचा.

मी सांगलीची. राजवाड्याच्या आवारात मोडी कागदांची सूची करायचं काम मिळालं म्हणून तंजावुरात आले. आमच्या गल्लीतली घरं मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आली आणि इकडचीच झाली. घरात मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारं क्वचित कोणी. मौशीच्या चिठ्ठ्या मराठीत असत आणि अक्षरं तमिळ. दोनशे वर्षांपूर्वीच्या कारकुनाची मोडी मी घडाघडा वाचत असे, आणि जिन्याच्या कठड्यावर चिकटवलेली मौशीची चिठ्ठी घेऊन मला तिच्याकडेच अर्थ विचारायला जावं लागे. "दूध लगेच आत घे म्हणून लिहिलें आहे," ती सांगायची. तोवर दूध नासलेलं असायचं. असं चार-पाचदा झाल्यावर तिने स्वतःच मला तमिळ अक्षरं शिकवायला घेतली, आणि मी चुकले की पाटीवरची अक्षरं पुसावीत तशी माझी वही हाताने पुसायचा प्रयत्न करायची.

तिचं संशोधन कधी सुरू व्हायचं आणि कधी थांबायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. टाऊन बसमध्ये ती शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत यायची. कुठे जायचं म्हणून नव्हे, माणसं बसतात कशी ते बघायला. तिचं म्हणणं असं की माणूस चालताना खोटं बोलू शकतो, बसताना नाही. एका लग्नात सगळ्या बायका नवरीची साडी बघत होत्या आणि ही खुर्च्यांच्या रांगेकडे तोंड करून टिपणं काढत होती. वाजंत्री जरा थांबली तशी ती सरळ नादस्वरवाल्यापाशी गेली आणि श्वास संपत येतो तेव्हा पहिल्यांदा कुठे दुखतं, असं त्याला तमिळमध्ये विचारलं. तो गृहस्थ आधी चपापला. मग कानामागे बोट ठेवून म्हणाला, "इथे." पुढे पंधरा मिनिटं तो बोलतच राहिला, मुहूर्त जवळ आला, नवरीचे काका लांबून हातवारे करू लागले, आणि शेवटी ढोलवाल्याने एकट्यानेच सुरुवात केली. त्या लग्नानंतर मौशीला आमंत्रणं जरा कमी झाली. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. "मज ठाव आहे, जेवणाच्या पंगतीस थकवा दिसत नाही," ती म्हणाली.

मुलाखत घ्यायची तिची एक रीत होती, आणि तिच्या गाईडने त्या रीतीपुढे केव्हाच हात टेकले होते. समोरचा माणूस काम करत असेल तर ते काम मौशी आपल्या हातात घ्यायची. त्याने बसून बोलावं, हिने बोलता बोलता काम करावं. फुलवालीची मोगऱ्याची माळ ओवायची, भाजीवालीच्या शेंगा सोलायची. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची मुलाखत चालू असताना तिने कोळशाची इस्त्री चालवली आणि कुठल्याशा वकिलाच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर तपकिरी त्रिकोण उमटवला. गाईडचं म्हणणं असं की तुम्ही त्यांचं काम केलंत तर त्यांचा थकवा उतरणारच, मग मोजणार काय? मुद्दा बिनतोड होता. मौशीने तो शांतपणे ऐकून घेतला, घरी आली, आणि मला म्हणाली, "त्या सराच्या हातचं काम कोणी घेतलें नाही असं दिसतें, म्हणून तो असा बोलतो." दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कुणाचं तरी जातं ओढायला हजर.

या सगळ्यात तिची खरी दौलत म्हणजे पल्लांकुळीचा पाट. इकडच्या बायकांचा हा जुना बैठा खेळ. लाकडी पाटावर सात-सात खळग्यांच्या दोन रांगा असतात, त्यांत चिंचोके नाहीतर कवड्या टाकत खेळायचं. मौशीने हिशेब केला की खळगे चौदा, आणि पहाटे पाच ते संध्याकाळी सात हे तासही चौदाच. लिहिता न येणाऱ्या बायकांकडून थकवा कसा मोजून घ्यायचा हा प्रश्न तिने असा सोडवला. एका तासाचा एक खळगा, आणि त्या तासात जितकं थकलात तितके चिंचोके त्यात टाका, शून्यापासून दहापर्यंत. सातनंतरच्या थकव्याचं काय, असं मी एकदा विचारलं. तिने तो प्रश्न दुसऱ्या कुणाच्या तरी पीएचडीकडे लोटून दिला. मग पिशवीत पाट, बिस्किटांच्या डब्यात चिंचोके आणि खाली खडखडणारी मोपेड अशी तिची स्वारी कालव्याकाठच्या गावांतून भातलावणीच्या बायकांकडे जाऊ लागली.

आणि तिथेच तिची आठ महिन्यांची मेहनत पाण्यात गेली. घरी येऊन ती आकडे वहीत मांडायची तेव्हा सगळ्या बायकांचे सगळे खळगे सारखे यायचे. चार, चार, पाच, चार. भर दुपारी गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाईलाही चार, आणि संध्याकाळी उंबऱ्यात बसल्यावरही चार. मौशी चक्रावली. शेवटी एका म्हातारीसमोर ती नुसती बघत बसली तेव्हा उलगडा झाला. म्हातारीने दुपारी बाराच्या खळग्यात चांगले दहा चिंचोके टाकले, क्षणभर त्या ढिगाकडे पाहिलं, आणि मग तिच्या हाताने आपण होऊनच ते उचलून पुढच्या खळग्यांत एकेक वाटून टाकले. लहानपणापासून तोच खेळ खेळलेला हात तो. भरलेला खळगा दिसला की उचलायचा आणि पुढे वाटायचा, एवढंच त्याला माहीत. गाईडने सांगितलं, हा सगळा डेटा फेकून द्या. मौशीने त्यावर पुढे एक अख्खं प्रकरण लिहिलं, की बाईला एका तासाचा ढीग बघवत नाही, ती तो पुढच्या तासांना वाटून टाकते. नव्या मोजणीसाठी तिने नियमही बदलला. खेळात हात जातो त्याच्या उलट दिशेने दिवस मोजायचा, म्हणजे हात गोंधळतो आणि ढीग जागेवर राहतो. ही युक्ती सुचली त्या दिवशी तिने मला आणि अक्कांना दोनदा केसरी, म्हणजे इकडचा केशरी शिरा, करून खायला घातली.

तर अशी ही मौशी रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला घरी असायची. कुठेही असो, तिरुवैयारच्या वाटेवर असो की कुंभकोणमच्या बसमध्ये, पाचला मी कामावरून येऊन चपला काढत असताना तिची मोपेड दाराशी फटफटायची. मग बाहेरच्या ओट्यावर आम्ही दोघी, पितळेच्या पेल्यांतली कॉफी, आणि माझी रोजची रड. मला सांगायला लाज वाटते, पण दिवसातून वीस वेळा "दमले बाई" म्हणणं ही माझी लहानपणापासूनची सवय. कागदांची धूळ, साहेबाचा स्वभाव, उकाडा, डासांचा त्रास, एकटेपणा, सगळं मी तिच्यापुढे ओतायचे. मौशी कॉफी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत ऐकायची आणि हसायची. "तूं दमत नाहीस गे," ती म्हणायची, "तूं कंटाळतेस. दमणं पायांत असतें, शिणणं डोळ्यांत, भागणं पाठींत. तुझं असकी जिभेंत आहे." असकी म्हणजे सगळं. एवढ्या लांबून कॉफीसाठी धावत येतेस का, असं मी एकदा विचारलं. तिचं उत्तर, "सुम्मा. डिकॉक्शन पाचास उतरतें." सुम्मा म्हणजे उगीच, सहज; डिकॉक्शन म्हणजे कॉफीचा गाळून उतरलेला अर्क. मी ते खरं मानलं. अडीच वर्षांत रोज एक तास मी तिच्यासमोर बसले, आणि मौशी, तू थकतेस का, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. ज्या बाईचा विषयच तो, तिला काय विचारायचं, असं मला वाटत असावं. खरं सांगायचं तर मला तेही वाटलं नाही. माझ्या ते डोक्यातच आलं नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी मौशीच्या मानेवर सुरी आली. विद्यापीठाने शेवटची मुदत दिली होती. डिसेंबरपर्यंत प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द, आठ वर्षं कावेरीत. लिखाण बऱ्यापैकी झालं होतं, पण गाईडला चाळीस माणसं हवी होती, प्रत्येकाच्या आठवड्यातून एक दिवस अशा सोळा आठवड्यांच्या नोंदी. चाळिसावी होती देवळासमोरची फुलवाली. तिने आठ आठवडे इमानाने चिंचोके टाकले. नवव्या आठवड्यात ती आपल्याच भरलेल्या खळग्यांकडे बराच वेळ बघत बसली, मग उठली, घरी जाऊन पिशवी भरली आणि मदुरैला बहिणीकडे निघून गेली. सुनेला निरोप ठेवला की तीन महिने मला बोलावू नका. मौशीला याचा अपार आनंद झाला. संशोधनाचा असा उपयोग झालेला तिने आठ वर्षांत पहिल्यांदाच पाहिला होता. पण उरलेल्या माणसांची संख्या एकोणचाळीस, आणि हातात दिवस थोडे.

मी म्हटलं, मला घे. तिने मान हलवली. "तूं नको. तुझं पहिल्या दिवशीं डब्यांतले चिंचोके संपतील." मी अक्कांचं नाव सुचवलं. अक्कांचे गुडघे गेलेले, दिवसभर खुर्चीत. अक्का आतून ओरडल्या, "मज घेऊं नको हो! मी बसून खातें, मज कसला थकवा?" मग मी वैतागून म्हटलं, "मग तू स्वतःच बस ना मौशी पाटासमोर! कोणाला कळणार आहे?" तिने कॉफीचा पेला खाली ठेवला आणि असं काही बघितलं की मी जणू देवळातला दिवा विझवला होता. "शोधणाऱ्याने आपणास मोजायचं नाही. रूल म्हणजे रूल."

जूनअखेर माझं काम संपलं. स्टेशनवर ती एकटीच आली, अक्कांना ओट्याच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. केळीच्या पानात इडल्या, वर मिळगाईपुडी ही सुक्या मिरचीची चटणी, आणि वाटेत वाचायला तमिळ अक्षरांतली एक चिठ्ठी, जिच्यात इडल्या कोणत्या क्रमाने खायच्या ते लिहिलेलं होतं. चाळिसावं माणूस मिळालं का, मी विचारलं. "मेळेल, मेळेल. तूं पोंचल्यावर फोन कर." मी रडले. मौशी रडली नाही. गाडी हलली तेव्हा ती फलाटावरच्या बाकावर बसली, मी खिडकीतून हात हलवत होते. माणूस बसताना खोटं बोलत नाही हे तिनेच मला शिकवलं होतं, आणि तरीही ती कशी बसली हे मी नीट पाहिलं नाही. माझे डोळे भरलेले होते.

सांगलीला आल्यावर पोहोचल्याचा फोन केला. मग दर रविवारी करायचे, मग महिन्यातून एकदा. माणसं करतात तसंच. नवी नोकरी लागली, तिथलं दमणं वेगळं, ते सांगायला पाच वाजता कोणी नव्हतं. डिसेंबरात मौशीने प्रबंध दिल्याचं कळवलं, आणि वर्षभराने तोंडी परीक्षा होऊन ती डॉक्टर झाल्याचं. परवा कुरिअरने जाडजूड पार्सल आलं. आत प्रबंधाची एक प्रत, निळ्या पुठ्ठ्याची. माणूस अशा पुस्तकात आधी आपलं नाव शोधतो, तसं मी शोधलं. आभारांत विद्यापीठ होतं, गाईड होते, पळून गेलेली फुलवालीही होती. मी नव्हते. जरा राग आला. मग शेवटची पानं चाळू लागले. तिथे प्रत्येक माणसाचा एक तक्ता होता, वर थोडी माहिती आणि खाली चौदा-चौदा वर्तुळांच्या सोळा ओळी, वर्तुळांत चिंचोक्यांचे आकडे.

क्रमांक चाळीस. स्त्री, वय त्रेपन्न, अविवाहित, थोरल्या बहिणीसह वास्तव्य.

मी तो तक्ता घेऊन खिडकीपाशी गेले. पहाटे पाचचा खळगा, नऊ. त्या वेळी मी माडीवर कुशीवर वळताना खाली अंगण झाडल्याचा आणि सड्याचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, काय उत्साह आहे या बाईला. सहाचा, नऊ. तेव्हा अक्कांना धरून न्हाणीपर्यंत न्यायचं असायचं. दहा वाजता आठ, दुपारी एकला दहा. एवढे तर त्या म्हातारीने भर दुपारच्या चिखलासाठी टाकले होते. एकही खळगा सहा चिंचोक्यांच्या खाली नाही. हीच ती बाई, जिला मी न थकणारी म्हणत होते, आणि घरी पत्रांतून तिच्या गमती लिहून कळवत होते. फक्त संध्याकाळी पाचचा खळगा रिकामा होता. शून्य. एप्रिलअखेरपासून ओळीने नऊ आठवडे शून्य. म्हणजे मी सातला जेवायला वर गेले की ती नियम मोडून पाट घेऊन बसत होती, आणि सकाळी मला काही सांगत नव्हती. दहाव्या आठवड्यात, जुलैच्या पहिल्या शुक्रवारी, पाचच्या खळग्यात सात चिंचोके होते. मग आठ. मग पुन्हा आठ. पुढे अखेरपर्यंत ते उतरले नाहीत, आणि तिने ते पुढच्या खळग्यात वाटलेही नव्हते. तक्त्याखाली इंग्रजीत एकच कोरडी ओळ होती, तिचा अर्थ असा की दहाव्या आठवड्यापासून पाच वाजताच्या नोंदीत झालेल्या बदलाचं कारण सांगण्यास या व्यक्तीने नकार दिला.

परीक्षकांनी त्यावर काही विचारलं नसावं. मी मात्र त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. मग घड्याळ पाहिलं, पावणेपाच झाले होते. कॉफी केली. मला तिच्यासारखी फेसाळ ओतता येत नाही, अर्धी बशीत सांडते. पाचला फोन लावला.

"कोण गे? पार्सल मेळालें कां?" मागे अक्का कोणाचा फोन म्हणून विचारत होत्या.

मला तिला नियम मोडल्याबद्दल चिडवायचं होतं, डॉक्टरीणबाई म्हणायचं होतं, आभारांत नाव नाही म्हणून भांडायचं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "मौशी, पाचच्या खळग्यात आज किती?"

मौशी हळूच म्हणाली, "सरी, बरें. मोजून सांगतें. धर हां, ठेवूं नको." फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. आणि मग बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चिंचोका पडल्याचा. एक. थोड्या वेळाने दुसरा. मोजून खळग्यात टाकले असते तर लाकडावर वाजले असते; ती पाचच्या खळग्यात साठलेले काढून डब्यात परत टाकत होती. मी फोन कानाला धरून, पुढच्याची वाट बघत बसून राहिले.